तन्मणी तीनशेला देतेय, चुकतंय का काही?

पत्र मूळ बरंच मोठं होतं, थोडं कापून देतेय:

"ताई, मी साताऱ्याला असते, वय ३४. मुलगी सात वर्षांची, मुलगा तीनचा. मिस्टर एमआयडीसीत शिफ्टला, सासूबाई आमच्याकडेच. मला मोत्यांचं काम येतं, तन्मणी, चिंचपेटी, तोडे, नथी, काळ्या मण्यांची छोटी मंगळसूत्रं. भाचीच्या लग्नात सगळ्यांना करून दिलं तेव्हापासून लोक मागतात. आत्तापर्यंत आठ हजारांचा माल पुण्याहून आणलाय, बराचसा डब्यात पडून आहे. तन्मणीला सामान २४० चं लागतं, मी ३०० ला देते, तरी नणंद म्हणते ऑनलाइन १२० ला मिळतो. नातेवाईक तर पैसेच देत नाहीत. राजपथावरचा एक दुकानदार माल ठेवतो म्हणालाय, ३० टक्के त्याचे. बँकेतल्या एका मॅडमनी संक्रांतीच्या वाणाला ६० नथीचे ब्रोच मागितलेत, ४० रुपयांनी, देऊ का? मिस्टर म्हणतात मुद्राचं कर्ज काढ, गाळा घेऊ. शेजारणी म्हणतात क्लास काढ. मला दुपारी मुलगा झोपला की दीड-दोन तास मिळतात, बाकी रात्री दहानंतर. सासूबाईंच्या मते मणी ओवत बसण्याला धंदा म्हणत नाहीत. काय करू? — मणीवाली"

मणीवाली, आधी त्या तीनशेचं बोलू, कारण तुझे बाकीचे सगळे प्रश्न तिथूनच निघालेत.

सामान २४० चं, विकलंस ३०० ला, हातात ६०. तन्मणीला वेळ किती लागतो ते तू लिहिलंच नाहीस, आणि मला वाटतं कधी घड्याळ लावून बघितलंही नसशील, पण मोती निवडायचे, सारख्या मापाचे वेगळे काढायचे, सर ओवायचे, मधे खोड (मधलं खड्यांचं पदक) बसवायचं, दोन्हीकडे पट्ट्या, मागे दोरी, मग सगळे सर गळ्यात एकसारखे पडतायत ना ते बघायचं आणि एखादा लोंबत असला की परत उसवायचं, दोन तास कुठे गेले कळत नाही. म्हणजे तासाला ३० रुपये. त्यात तुझ्या २४० मध्ये डबी नसणार, पाउच नसणार, पुण्याला जायचं भाडं नसणार (बायकांना एसटी अर्ध्या तिकिटात झाली असली तरी भाडं ते भाडंच, आणि वर चहा-वडापाव). डबी-पाउचचे २५ धर, पुण्याच्या चकरेतले या एका पीसच्या वाट्याचे १५ धर, सामानच २८० वर गेलं. दोन तासांचे उरले २० रुपये. आणि नणंद म्हणते महाग आहे!

तर तासाचा रेट आधी ठरव, किंमत नंतर. रेट कसा ठरवायचा, तर तुमच्या भागात घरी येऊन पोळ्या करणाऱ्या मावशी तासाला साधारण किती घेतात ते विचार आणि त्याच्या खाली जायचं नाही, तुझं काम त्यापेक्षा सोपं नाहीये. इथे हिशोबाला आपण ९० धरू, तुझा आकडा तू घाल. मग सामान, डबी, भाडं मिळून २८०, दोन तासांचे १८०, झाले ४६०. यात अजून थोडी तुटफूट धरायची, कारण खोडाचा खडा निघतो, एखादं गिऱ्हाईक महिन्याने हूक तुटला म्हणून परत आणतं आणि ते तू फुकटच करून देणार आहेस, एखादा पीस वर्षभर कुणी घेत नाही. त्याचे साधारण ७० धर. म्हणजे ५३०, बोर्डावर ५५०. हा तुझ्या तन्मणीचा भाव आहे. तीनशेला देत राहिलीस तर ऑर्डरी वाढतील तसतशी तू दमत जाशील आणि वर्षभराने घरात सगळे म्हणतील बघ आम्ही सांगत होतो.

आता ते १२० वालं. ते असतं, मी नाही म्हणत नाही, पण एकदा मागवून हातात घेऊन बघ. बहुतेक प्लास्टिकचे मोती असतात, हाताला हलके लागतात आणि गालाला लावले तर गार वाटत नाहीत, काचेचा मोती जड आणि गार लागतो. घाम आणि परफ्यूम लागला की वरचा थर सुटायला लागतो. ते कारखान्यात हजारोंनी होतं, त्याच्याशी किमतीत भांडायला जाऊच नकोस. पण त्या कारखान्याला काय जमत नाही ते बघ ना. बाईचा गळा केवढा आहे, तिला कॉलरबोनवर हवाय की खाली, पैठणीचा काठ कुठल्या हिरव्यातला आहे, आईच्या जुन्या तन्मणीचं खोड आहे त्यावर नवे सर ओवून हवेत, हे कोण करणार? हे विचारणारी बाई ५५० देते, कुरकुर न करता देते. १२० वाली तुझी गिऱ्हाईक कधी नव्हतीच. फक्त एक, तुझे मोती काचेचे असतील तर काचेचे म्हणूनच सांगायचं, कुणी "खरे आहेत का गं" विचारलं तर गोलमाल उत्तर नको. आणि हूक, कडी कुठल्या धातूच्या आहेत ते दुकानदाराला विचारून ठेव, निकेलची ॲलर्जी असलेल्या बायका बऱ्याच असतात, मानेवर पुरळ उठलं की नाव तुझं खराब होतं.

वेळेचं म्हणशील तर मी रात्रीचं काम सरळ काट मारते. पिवळ्या लाइटखाली क्रीम मोती आणि पांढरा मोती सारखेच दिसतात, सकाळी बघितलं की एका सरात दोन रंग निघतात आणि सगळं उसवा. डोळ्यांचं तर विचारूच नको. राहिल्या दुपारी. आठवड्याच्या सहा दुपारी, दीडच तास धर कारण मुलगा कधी झोपेल कधी नाही, झाले नऊ तास. यातले दोन तास फोटो, पॅकिंग, मेसेजला उत्तरं, हिशोब यात जाणारच आहेत, ते जात नाहीत असं समजू नकोस. उरले सात तास. मणीवाली, हे सात तास म्हणजे तुझा पूर्ण धंदा आहे सध्या. सात तासांत तीन तन्मणी होतात, चौथा अर्धवट राहतो. त्यामुळे कुणी "पुढच्या आठवड्यात आठ पीस देशील का" विचारलं की उत्तर तयार आहे, तोंडावर नाही म्हणायला जड जातं तर "या महिन्याच्या ऑर्डरी भरल्यात, पुढच्या महिन्यात घेते" असं टाइप करायचं. गंमत म्हणजे हे वाचलं की बायका जास्त थांबतात.

आणि सात तास म्हणजे सलग सात नव्हेत ना, मधे बेल वाजणार, कुकरची शिट्टी, सासूबाईंचा चहा, पोरगं उठून रडणार. म्हणून काय बनवायचं हे ठरवताना मी पहिला निकष हाच लावीन की हातातून पटकन खाली ठेवता येतं का. आपल्या कामात काही गोष्टी अशा असतात की मधे सोडल्या की गेल्या. पाच पदरी काहीतरी, सगळ्या दोऱ्या मोकळ्या, मधेच उठलीस की मणी घरंगळत सोफ्याखाली आणि पुढचे दहा मिनिटं तू रांगतेयस. असल्या कामाला दोऱ्याच्या टोकाला नेहमी छोटी बाइंडर क्लिप लाव, काळी स्टेशनरीची, दोन टोकांना दोन. आणि पसरलेले मणी वाटीत नको, जुन्या मखमलीच्या किंवा टॉवेलच्या तुकड्यावर घे, ताटात तो तुकडा पसरायचा, त्यावर मणी घरंगळत नाहीत आणि सुईच्या टोकाने उचलताही येतात, उठायची वेळ आली की ताट तसंच्या तसं उचलून कपाटाच्या वरच्या कप्प्यात. वरच्याच कप्प्यात, खालच्या नाही! तीन वर्षांचं पोर घरात आहे, मणी नाकात कानात घालतात, गिळतात, श्वासात अडकला तर जिवावरचं होतं. काम संपलं की जमिनीवर मोबाइलचा टॉर्च आडवा धरून एक नजर फिरवायची, पडलेला मणी लगेच चमकतो. यात आळस अजिबात नको, एक दिवस काम कमी झालं तरी चालेल.

या निकषावर नथ एक नंबर आहे. छोटी, तारेवर असते, अर्धवट ठेवली तरी सुटत नाही, सामान कमी, मागणी बारा महिने. काळ्या मण्यांचं छोटं मंगळसूत्रही तसंच. चिंचपेटी आणि पाच पदरी तोडे सध्या फक्त ऑर्डरवर, अर्धे पैसे आगाऊ घेऊन. तन्मणी मधे कुठेतरी. माझा सल्ला, तीनच गोष्टी पक्क्या कर, नथ, मंगळसूत्र आणि तन्मणी, प्रत्येकात दोन-तीन डिझाइन, आणि तीच परत परत बनव. मला माहितीये तुला कंटाळा येईल, हाताने काम करणाऱ्या प्रत्येकीला दर वेळी नवीन करून बघायचं असतं, पण विसावी नथ पहिलीच्या निम्म्या वेळात होते आणि पैसे त्या निम्म्या वेळात आहेत. नवीन करायची हौस रविवारी भागव.

आता बँकेतल्या मॅडम. ६० ब्रोच, ४० रुपयांनी, म्हणजे २४०० ची ऑर्डर, ऐकायला छान वाटतं. हिशोब करू. तार, मोती, खडे, मागची पिन मिळून एका नगाला १८ च्या आसपास पडतील, वर कार्ड आणि प्लास्टिकची पिशवी ४, म्हणजे २२. साठचे झाले १३२०. उरले १०८०. एक एक करत बसलीस तर नगाला वीस मिनिटं म्हणजे वीस तास, तासाला ५४ रुपये, नकोच ते. पण सगळे एकदम लावलेस तर चित्र बदलतं. पहिल्या दुपारी नुसत्या साठ तारा एका मापाच्या कापायच्या, पट्टीला खूण करून. दुसऱ्या दिवशी सगळ्या तारांत मधला लाल खडा आणि त्याच्या बाजूचे मोती. मग सगळ्यांना पीळ, मग सगळ्यांचा वरचा मोत्यांचा घोस, शेवटी सगळ्यांना पिना, सगळ्यात शेवटी कार्डावर लावणं. एकच हालचाल साठ वेळा केली की हात आपोआप चालतो, चौदा-एक तासांत होईल. १०८० भागिले चौदा, सत्याहत्तर रुपये. अजूनही आपल्या ९० च्या खालीच. म्हणून मॅडमना ४५ सांग. २७०० ची ऑर्डर, सामान जाऊन १३८०, तासाला जवळपास ९८. आणि अर्धे आगाऊ घे, १३५०, त्यात सामान पूर्ण निघतं, तुझा खिशातला रुपया अडकत नाही. पाच रुपयांवरून बँकेतली बाई ऑर्डर मोडत नाही, आणि मोडलीच तर मोडू दे, संक्रांतीच्या आधी वाणाला काहीतरी वेगळं शोधणाऱ्या बायकांची कमी नाहीये. फक्त तारीख नीट बोल. चौदा तास म्हणजे तुझे पूर्ण दोन आठवडे, त्यात पोरं आजारी पडतात, म्हणून तीन-चार आठवडे हातात ठेवूनच हो म्हण. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, तर विचार की त्यांचं नक्की कधी आहे, उगाच चौदा जानेवारी धरून जीव काढू नकोस. आणि आगाऊ पैसे आले की साठच्या साठ नगांचे मोती एकाच वेळी एकाच लॉटमधले आण, नंतर आणलेल्या पाकिटाचा रंग किंचित वेगळा निघतो, आणि वाण सगळ्याजणी शेजारी शेजारी बसून बघतात.

हे सीझनचं गणित एकदा कॅलेंडर समोर घेऊन बसून कर. श्रावणात मंगळागौर, मग गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी, तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, मग संक्रांत, चैत्रातलं हळदीकुंकू, ज्येष्ठात वटपौर्णिमा, तेव्हा काळे मणी. आषाढ आणि पितृपक्ष थंड. आषाढात कुणी विचारत नाही म्हणून हातपाय गाळायचे नसतात, तेव्हा नथी करून ठेवायच्या, मंगळागौरीला कमी पडतात.

राजपथावरचा दुकानदार. ३० टक्के त्याचे म्हणजे ५५० च्या तन्मणीचे तुला ३८५ मिळणार आणि तुझा खर्च तुझ्या मजुरीसकट ४६०. सरळ तोटा. त्याच्याकडे तन्मणी ठेवूच नकोस. नथी ठेव, त्यांचा भाव आधीच ३० टक्के देऊन परवडेल असा लाव, आणि तोच भाव तुझ्या व्हॉट्सॲपवर पण ठेव, दुकानात १५० आणि तुझ्याकडे १०० असं झालं तर दुकानदार दुसऱ्या महिन्यात माल परत देईल आणि त्याचं बरोबरच असेल. देताना वहीत किती नग दिले त्याची सही घे. दहाच नग दे पहिल्यांदा. पैसे महिन्याच्या महिन्याला मिळतायत का ते बघ, दोन महिने "पुढच्या आठवड्यात या" झालं की माल उचलून आण.

नातेवाईक. हा खरा अवघड विषय आहे, कारण फुकट ते पौष्टिक असं मानणारे आपल्याच घरात असतात. तू भाचीच्या लग्नात सगळ्यांना करून दिलंस, ते आहेर म्हणून, छान केलंस. पण त्या लग्नानंतर प्रत्येकीला वाटतंय की आपला नंबर आहे. यावर बोलून उपयोग नसतो, वाईटपणा येतो. त्यापेक्षा किमतींसकट फोटो टाक फॅमिली ग्रुपवर, "दिवाळीच्या ऑर्डरी सुरू, घरच्यांना दहा टक्के कमी", एवढंच. एकदा भाव सगळ्यांसमोर लिहिला गेला की "दे ना तशीच" म्हणायला जीभ वळत नाही, निदान सगळ्यांसमोर तरी नाही. फुकट कुणाला द्यायचं ते तू ठरव, सख्ख्यांच्या लग्नामुंजीला वगैरे, बाकी नाही. आणि नणंदेला एकदा तुझ्यासोबत दुपारभर बसव, हातात सुई दे. वाद घालण्यापेक्षा ते बरं.

एक काम तू लिहिलेलं नाहीस पण मी तुझ्या जागी असते तर सगळ्यात आधी तेच सुरू केलं असतं, जुने दागिने गाठवून देणं. प्रत्येक घरात एक तुटलेली मोत्यांची माळ, सर निसटलेला तन्मणी, दोरा काळा पडलेलं मंगळसूत्र डबीत पडलेलं असतं. पूर्वी पटवेकरी घरोघरचं हे काम करायचे, अजूनही काही सराफ पेठांतून आहेत, पण शोधावे लागतात. यात सामान म्हणजे दोरा आणि हूक, बाकी सगळी मजुरीच, म्हणजे भाव पडायचा प्रश्नच नाही. मोत्यांच्या माळेत दोन मोत्यांमधे गाठ मारायला शीक, येत नसेल तर एक आठवडा सराव कर, सुईने गाठ मोत्याला टेकेपर्यंत सरकवायची असते तेवढंच कौशल्य. गाठ असली की मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटला तरी एकच पडतो, सगळी माळ लग्नाच्या हॉलभर होत नाही. असल्या माळेला तंगूस (मासे धरायच्या गळाचा पारदर्शक दोरा) वापरू नकोस, गाठ नीट बसत नाही आणि दिवसांनी ताणून मोती सैल होतात, रेशमी किंवा चांगला नायलॉनचा दोरा घे. जड खोडाच्या तन्मणीला गिअर वायर (प्लास्टिकचा थर दिलेली बारीक स्टीलची तार). आणि एक नियम, पहिलं वर्षभर सोन्याचं काहीही हातात घ्यायचं नाही. वाट्या सोन्याच्या असतील तर "काकू, वाट्या तुमच्याकडे ठेवा, मी नुसती पोत करून देते, सोनाराकडून बसवून घ्या" म्हणायचं. खोट्या दागिन्यातही मोती समोर मोजून, फोटो काढून, चिठ्ठीवर लिहूनच घ्यायचे. घरात लहान मुलं, येणारे जाणारे, उद्या एक मणी कमी निघाला तर गल्लीत तोंड दाखवायची पंचाईत.

ते आठ हजारांच्या डब्यांचं. मला अंदाज आहे काय झालंय, रविवार पेठेत गेलं की माणूस हरवतं, बोहरी आळीत तर मी स्वतः बजेट घेऊन जात नाही कारण उपयोग नसतो. पण आता एक दुपार काढ आणि सगळे डबे उघड, प्रत्येकावर चिकटपट्टी लावून काय आहे, किती ग्रॅम किंवा किती लडी, काय भावाने घेतलं ते लिही. भाव आठवत नसेल तर अंदाजे. यातून दोन गोष्टी होतील, एक तर तुला कळेल की निम्म्या नथी तर घरातल्याच मालात होतात, आणि दुसरं म्हणजे पुढच्या वेळी काय आणायचं नाही याची यादी तयार. तोपर्यंत पुणं बंद. फक्त आगाऊ घेतलेल्या ऑर्डरीचं सामान आणायचं. आणि बारीक मणी घेताना नंबर बघून घे, नंबर जितका मोठा तितका मणी लहान, अकरा नंबरचा साधारण दोन मिलिमीटर. आपल्याकडचे काचेचे मणी स्वस्त पडतात पण त्यात लहानमोठे निघतात, निवडण्यात वेळ जातो, जपानी मियुकी किंवा तोहो एकसारखे असतात पण महाग, ते विणकामाच्या पट्ट्यांनाच घे, तन्मणीला त्याची काही गरज नाही.

मिस्टरांचा मुद्राचा मुद्दा (शिशु गटात ५०,००० पर्यंत तारण न ठेवता मिळतं, कर्ज वाईट नाहीये). पण आठवड्याला सात तास काम करणाऱ्या बाईने गाळ्याचं भाडं आणि हप्ता डोक्यावर घेणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. गाळा उघडा ठेवायला दिवसभर बसावं लागतं, मग घरी पोरांकडे कोण बघणार, सासूबाई? त्यांना विचारलंत का? कर्ज तेव्हा काढ जेव्हा ऑर्डरी नाकाराव्या लागतायत आणि हाताखाली एक बाई ठेवायचीय. तोपर्यंत मिस्टरांना दुसरं काम दे, पॅकिंग आणि कुरियर त्यांच्याकडे, शिफ्टवरून येताना पार्सल टाकत येतील. वेगळं बँक खातं काढायला सांग, त्यालाच यूपीआय जोड, घरखर्चात मिसळलेले पैसे कधीच नफा दाखवत नाहीत.

कागदपत्रं सध्या फार नाहीत. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) आधार-पॅनवर ऑनलाइन होतं आणि फुकट होतं, कुणी त्याचे हजार-दोन हजार मागितले तर समजून जा. जीएसटीची मर्यादा आपल्या राज्यात मालाच्या विक्रीला वर्षाला ४० लाख आहे, तुझ्यापासून फार लांब. मोठ्या ऑनलाइन साइटवर किंवा राज्याबाहेर विकायचं झालं तर नियम वेगळे लागतात, तेव्हा एखाद्या सीएला पाचशे रुपये देऊन अर्धा तास बस. हस्तकला कारागिरांना केंद्राच्या हस्तकला आयुक्तालयाकडून पहचान कार्ड मिळतं, त्याचा अर्ज मात्र जरूर कर, प्रदर्शनांना उपयोग होतो. प्रदर्शन म्हणशील तर लगेच पुण्याच्या भीमथडी जत्रेची स्वप्नं नकोत, दिवाळीआधी गावातल्या मंगल कार्यालयांत भरतात तिथे दोघी-तिघींनी मिळून एक टेबल घ्या.

फोटो सकाळी खिडकीच्या उजेडात, साध्या एकरंगी कापडावर, एक फोटो गळ्यात घालून, चेहरा नको हवा तर. व्हॉट्सॲप बिझनेस टाक, त्यात कॅटलॉग फुकट बनतो. इन्स्टा काढ हवं तर, पण रील बनवण्यात तुझे सात तास गेले तर दागिने कोण करणार? सध्या तुझं दुकान म्हणजे तुझं स्टेटस, आठवड्यातून दोनदा, किमतीसकट. "किमतीसाठी मेसेज करा" लिहू नकोस, त्या मेसेजना उत्तरं देण्यात दुपार जाते.

सासूबाईंना सांग की धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या संग्रहालयात सातवाहन काळातले मणी ठेवलेत, दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे मणी बनवून लोक पोट भरायचे. नाही पटणार त्यांना, माहितीये मला. महिन्याच्या शेवटी वहीतला आकडा दाखव, आणि त्यातून एकदा त्यांच्या गुडघ्याचं औषध आण. शिवाय मोती निवडायला त्यांना बसव, मोठे वेगळे, लहान वेगळे, जुन्या बायकांची नजर तांदूळ निवडून तयार झालेली असते, आपल्याला दिसत नाही तो फरक त्यांना दिसतो. ते काम त्यांचं झालं की टोमणे निम्म्याने कमी होतील, उलट शेजारणींना त्याच सांगत सुटतील.

आणि क्लास. मे महिन्यात काढ, आधी नाही, तेव्हा बायकांना मुलांच्या सुट्टीत बाहेर पडायला निमित्त हवं असतं. चार दिवसांचा, रोज दोन तास, मुलाला तेवढा वेळ आईकडे किंवा नणंदेकडे सोड. फी आधी, सामानाचं किट फीमध्येच, किटमध्ये नथ आणि मंगळसूत्र एवढंच. तन्मणी शिकवू नकोस पहिल्या बॅचला. पाच-सहाजणींच्या वर घेऊ नकोस, एकेकीचा पीळ सोडवण्यात वेळ जातो. त्यातल्या अर्ध्याजणी गप्पा मारायलाच येतील आणि दुसऱ्या दिवशीच "तूच करून दे गं" म्हणतील, त्यांची ऑर्डर लिहून घे.